वृंदावन असलेलं कव्हर

मला नको तितकं माहीत असतं. बाकीच्या जगाबद्दल नाही, तिथे सगळा आनंदच आहे, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. पण कंदील घेऊन किल्ल्यात उतरणाऱ्या योद्ध्याचा जो व्हिडिओ गेम आहे, माझ्या लहानपणापासून आजपर्यंत ज्याचे अकरा भाग निघाले, त्याच्याबद्दल मला झोपेतून उठवून काहीही विचारा. दुसऱ्या भागात विहिरीपाशी उभं राहून कंदील तीनदा विझवला तर एक मांजर आडवं जातं. पाचव्या भागापर्यंत योद्ध्याची शाल निळी होती, मग ती लाल झाली, आणि का झाली हेही मी सांगू शकते. "याचा पगार मिळतो का?" असं नवरा विचारतो. नाही मिळत. पगार मला दुबईच्या जेएलटी भागातल्या एका टॉवरमध्ये विम्याचे क्लेम तपासायचा मिळतो. म्हणजे लोक कुठे खोटं बोलतात ते शोधून काढायचा.

या गेमच्या वेड्यांचा इंटरनेटवर एक अड्डा आहे. तिथला दुर्मीळ चित्रांचा विभाग गेली बारा वर्षं मी सांभाळते. कुठून कुठून लोक जुन्या पोस्टरांचे, कव्हरांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, हे खरं का, कोणी काढलं, कुठे छापलं? मी कागद बघते, शाई बघते, कडा बघते आणि उत्तर देते. मी बोलले की वाद मिटतो. तिथे माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि त्या विभागात जे चित्र सर्वात दुर्मीळ समजलं जातं, त्याच्याबद्दल मी धडधडीत खोटं लिहिलं आहे. ते चित्र माझ्या बाबांनी काढलेलं आहे.

बाबा सांगलीचे. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून ते दुबईला आले आणि देरा या जुन्या बाजारभागातल्या एका साइनबोर्डच्या वर्कशॉपमध्ये पेंटर म्हणून लागले. अरबी त्यांना वाचता येत नसे, पण अरबी अक्षरं ते अशी रंगवायचे की अरब दुकानदार खूश होऊन खजूर पाठवायचे. आम्ही एका फ्लॅटमधल्या एका खोलीत राहायचो, स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून. खिडकीतल्या एसीच्या शेजारी दूध पावडरच्या डब्यात आईची तुळस होती. अंगण नाही, ओटा नाही, पण आई रोज तिला पाणी घालायची आणि उन्हाळ्यात ती करपली की कुणी ना कुणी गावाहून येताना नवं रोप आणायचं.

त्या वेळी गेमच्या कॅसेट मिळायच्या. आम्ही सगळे कॅसेटच म्हणायचो. देऱ्यात एक दुकानदार नकली कॅसेट विकायचा. कॅसेट त्याला कुठून तरी उघड्या यायच्या, खोका नाही, कव्हर नाही. तो बाबांकडे आला आणि म्हणाला, "भाई, कव्हर बना दो. एक आदमी है, हाथ में बत्ती है, पीछे किला है." बस. बाबांना एवढीच माहिती. गेम त्यांनी कधी पाहिला नव्हता, खेळायचं तर लांबच राहिलं.

मग सांगलीचा माणूस किल्ला म्हटल्यावर काय काढणार? बाबांनी आपला किल्ला काढला. बुरूज, वळसा घेऊन जाणारी वाट, तिच्या आत लपलेला दरवाजा. दर दिवाळीत आम्ही खोलीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आणि गोणपाटाचा जो किल्ला करायचो, अगदी तोच. आणि दरवाजातून आत जे अंगण दिसतं, तिथे त्यांनी काढलं तुळशीवृंदावन. चार कोनाडे असलेलं, पांढरं, वर हिरवंगार रोप. मी तेव्हा पाचवीत असेन. शेजारी बसून ब्रश धुऊन द्यायचं काम माझं. मी विचारलं, "बाबा, लढाईत तुळस कशाला?"

"अगं, किल्ला म्हणजे आत माणसं राहणार," बाबा म्हणाले. "माणसं आली की तुळस आली. हा बत्ती घेऊन लढायला निघालाय, मागे कुणीतरी दिवा लावायला नको?"

मला ते फार आवडलं होतं. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते आवडत नव्हतं म्हणून केलं नाही.

वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. जुमेऱ्यात बंगला, पुढे हिरवळ, आत गार संगमरवर. भेट म्हणून मी त्या गेमची कॅसेट नेली होती, बाबांच्या कव्हरातली. कागद गुंडाळताना माझी छाती नुसती फुगली होती. तिने तो सगळ्यांसमोर फाडला आणि तिच्या भावाने कपाटातून अस्सल कॅसेट काढून शेजारी ठेवली. अस्सल कव्हरावर काळा टोकदार किल्ला, वीज, धूर. आणि आमच्या कव्हरावर? "व्हॉट इज दॅट, अ फ्लॉवरपॉट?" कुणीतरी म्हणालं. पोरं हसून हसून लोळायला लागली. योद्धा झाडाला पाणी घालायला निघालाय, असं एकाने करून दाखवलं. मग त्या मुलीने मला विचारलं, "हू मेक्स दीज थिंग्ज?"

मी म्हणाले, "आय डोन्ट नो. सम चीप पेंटर." आणि मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

दारात बाबा उभे होते. मला न्यायला वर्कशॉपची पिकअप घेऊन आले होते, वर शिडी बांधलेली, शर्टावर पिवळ्या रंगाचे शिंतोडे. किती वेळचे उभे होते, कोण जाणे. यजमान बाईंनी त्यांना सरबत दिलं तेव्हा त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, एवढं मला आठवतं.

गाडीत बसलो. खरं तर मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मीच फणफणले. "बाबा, ते तुळशीचं परत दाखवू नका चित्रात. सगळे हसतात. आणि हे तुम्ही करता ते कुणाला सांगू नका. कुणालाच नाही. प्रॉमिस करा."

"बरं," बाबा म्हणाले. आणि सिग्नल सुटला म्हणून त्यांनी गिअर टाकला.

त्यानंतर तीनेक वर्षं त्यांनी त्या गेमच्या पुढच्या भागांची कव्हरं केली. किल्ला तोच, वाट तीच. अंगण रिकामं.

हे झालं माझं बालपण. मग मी मोठी झाले, नोकरीला लागले, आईबाबा सांगलीला परत गेले. आणि एके दिवशी अड्ड्यावर कुणीतरी फोटो टाकला: आखातातून मिळालेलं विचित्र कव्हर, याबद्दल कुणाला काही माहीत आहे का? मी ऑफिसात होते. चहाचा कप हातात होता तो तसाच राहिला.

जगभरचे शहाणे तुटून पडले. हे जे पांढरं बांधकाम आहे ती गुप्त वेदी असावी. नाही, ती समाधी. नाही, जखमा बऱ्या करणारं कारंजं. त्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे काही कव्हरांत ही वेदी आहे आणि नंतरच्यांत नाही, ती का गेली? आणि दुसरी, चित्राच्या उजव्या कडेला एक काळा वाकडा फटकारा आहे, तो कशाचा? सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

एका ओळीत सांगता आलं असतं. पण तिथे माझं नाव होतं हो! अस्सल काय आणि नकली काय ते सांगणारी मी, आणि माझा बाप देऱ्यात नकली कॅसेटची कव्हरं रंगवायचा? मी दोन दिवस घेतले आणि असा लेख लिहिला की विचारता सोय नाही. कागदाच्या जाडीवरून हे काम अतिपूर्वेकडच्या छापखान्याचं दिसतं. चित्रकार दोन असावेत, वेदीवाला पहिला आणि बिनवेदीचा दुसरा. उजवीकडचा फटकारा म्हणजे चौथ्या भागातल्या सर्पाची शेपटी. दोघांचीही नावं अज्ञात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो लेख आजही सगळीकडे जोडला जातो. क्लेमच्या फायलीत असं खोटं कुणी माझ्यापुढे आणलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

वेदी असलेली प्रत सगळ्यात दुर्मीळ ठरली. दुर्मीळ का, तर ती थोडेच महिने छापली गेली. आणि थोडेच महिने का, ते जगात दोनच माणसांना माहीत होतं.

आई गेल्यापासून बाबा हिवाळ्यात दोन महिने आमच्याकडे जेएलटीला येतात. सकाळी तळ्याभोवती फिरतात, टॉवरांवरच्या पाट्या मान वर करून वाचतात, कुठलं अक्षर चुकीचं बसलंय ते मला संध्याकाळी सांगतात. यंदा ते आले तेव्हाच नेमकं ते प्रदर्शन निघालं.

अल क्वोजमध्ये गोदामांच्या रांगेत आता चित्रांची दालनं झाली आहेत. शारजात वाढलेल्या एका मल्याळी तरुणाने तिथे आखातातल्या जुन्या गेमच्या कव्हरांचं प्रदर्शन भरवलं. अड्ड्यावरचा ओळखीचा मुलगा, गुणी, माझ्यावर भारी विश्वास. चित्रांखालच्या पाट्यांचा मजकूर त्याने मलाच लिहायला सांगितला. मी लिहिला. निमंत्रणपत्रिका आली ती पुठ्ठ्याची, आणि तिच्यावर काय छापलं होतं म्हणता? वृंदावन. चार कोनाड्यांसकट.

मी ती फ्रिजवर लावली नाही. नवऱ्याने लावली. पाणी घ्यायला गेलेले बाबा बराच वेळ फ्रिजचं दार धरून उभे राहिले. मग म्हणाले, "शनिवारी आहे वाटतं. मी आलो तर चालेल का?"

"बाबा, लांब आहे. धूळ, ट्रक. आणि पोरांचे कॉम्प्युटर गेम हो, तुम्ही कंटाळाल."

"बघतो की जरा. तू काय काम करतेस ते तरी कळेल," ते म्हणाले. शनिवारी सकाळी त्यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला.

दालनात शिरलं की समोरच ते कव्हर. तळहाताएवढं चित्र, दालनवाल्यांनी भिंतभर मोठं केलेलं. ब्रशचा प्रत्येक फराटा दिसत होता. बाबा थेट त्याच्यापाशी गेले. चष्मा बदलला. आधी चित्र पाहिलं, वरपासून खालपर्यंत, घाई नाही. मग पाटीकडे वळले. इंग्रजीत आणि अरबीत: चित्रकार अज्ञात. सगळ्यात खाली मजकूर लिहिणारीचं, म्हणजे माझं, नाव. तेही त्यांनी वाचलं.

"अक्षरं छान आहेत," बाबा म्हणाले. "पण डावीकडे जागा जास्त सुटलीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यात तो मल्याळी मुलगा धावत आला. बाबा जुने देऱ्याचे, हे मी त्याला कधीतरी सांगितलं होतं. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "अंकल, आप तो उस टाइम देरा में थे! ये कव्हर देखा था? किसने बनाया, कुछ मालूम है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं, रोखून नाही, रागाने नाही. पलीकडच्याला काय सांगायचं ते फोनवर बोलणारा घरच्यांना डोळ्यांनी विचारतो, तसं. आणि मी? मी पर्समध्ये फोन शोधायला लागले. फोन माझ्या हातातच होता.

"देखा था," बाबा म्हणाले. "दुकान में. किसने बनाया, वो नहीं मालूम."

मग लोक जमले, आणि त्या मुलाने मला वेदीबद्दल बोलायला सांगितलं. मी बोलले. बापासमोर उभी राहून बोलले, दोन चित्रकार, अतिपूर्वेचा छापखाना, सर्पाची शेपटी, सगळं. ते मागच्या रांगेत हाताची घडी घालून ऐकत होते, शाळेच्या गॅदरिंगला उभे राहायचे तसे. शेवटी टाळ्या झाल्या. त्यांनीही वाजवल्या.

परतताना गाडीत मला राहवलं नाही. "बाबा, तुम्ही का नाही सांगितलंत?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. "तूच म्हणाली होतीस ना," ते म्हणाले, "कुणाला सांगू नका म्हणून."

मी गाडी कडेला घेतली आणि रडले. बाबा घाबरले, पाण्याची बाटली पुढे करत राहिले. "अगं, त्यात काय एवढं? छान बोललीस की. काय ते सर्पाचं तर मला माहीतच नव्हतं." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबांना टोमणे येत नाहीत.

घरी पोचल्या पोचल्या मी त्या मुलाला फोन करून सांगितलं: चित्र माझ्या वडिलांचं आहे. मग तो फार सौजन्याने म्हणाला, "मॅम, पण तुमच्याच लेखात कागदाचं जे लिहिलंय..." माझ्याच लेखातली वाक्यं तो मला वाचून दाखवायला लागला, आणि खोडायला मला एकही सापडेना. शेवटी म्हणाला, उद्या अंकलना घेऊन या, बघू.

बाबांना मी म्हटलं, "उद्या सांगा. मी सांगतेय, सांगा." त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना.

रविवारी सकाळी दालन रिकामं होतं. बाबा भिंतीपाशी गेले आणि उजव्या कडेच्या त्या काळ्या फटकाऱ्यावर बोट ठेवलं. "इधर गाय थी. तुलसी के बाजू में. प्रेसवाले ने काट दिया, सिर्फ पूंछ बाकी है." मुलगा आत पळाला. त्याच्याकडे एक न कापलेला छापील कागद होता, माझ्या लेखावर विसंबून इतकी वर्षं सर्प म्हणून जपलेला. शेपटीला लागून दोन बोटं काळी पाठ दिसत होती, आणि एक खूर. त्याने कागद खाली ठेवला आणि बाबांच्या पायांनाच हात लावला.

मग त्याने विचारलं, सहज, त्याला काय माहीत. "अंकल, फिर कल क्यों बोला कि मालूम नहीं?"

आता मी बोलायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं.

"शरम आया," बाबा म्हणाले. "नकली माल था ना. बेटी का इज्जत का सवाल."

"और तुलसी? बाद में क्यों निकाल दिया?"

"टाइम नहीं था," बाबा म्हणाले. "दुकानवाला बहुत जल्दी करता था."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्यांनी. जणू ठरवून आले होते. आणि मी मूग गिळून उभी राहिले. नवी पाटी तिथेच बसून मी लिहिली. चित्रकार म्हणून बाबांचं पूर्ण नाव, खाली एक ओळ: पुढच्या आवृत्त्यांत वेळेअभावी चित्रकाराने वृंदावन गाळलं. मजकुराखाली माझं नाव. बाबांनी प्रूफ डोळ्यांजवळ धरून तपासलं आणि म्हणाले, "आता बरोबर बसलंय." अड्ड्यावरचा लेखही मी दुरुस्त केला, गायीसकट. लोक म्हणाले, वा, किती प्रामाणिक.

वेळ भरपूर होता. वृंदावन काढायला बाबांना अर्धा तास लागायचा, मी शेजारी बसून पाहिलं आहे. लाज त्यांना आली नव्हती. मला आली होती, आणि त्या पाटीवर ती अजून त्यांच्या नावावर आहे.

गेल्या आठवड्यात बाबा परत गेले. विमानतळावर बॅग आत देऊन ते पुन्हा माझ्यापाशी आले, काही विसरल्यासारखे. मला वाटलं गोळ्या राहिल्या.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तिकडे सांगलीत सकाळी फिरायला येतात ना आमचे चार-पाच जण. त्यांना सांगितलं तर चालेल का गं, की मी चित्रं काढायचो?"